कुठून आलं, काय बदललं

माझ्याकडे तीसेक जुनी घड्याळं आहेत. घरी येणारा पाहुणा ती बघतो आणि आमच्या ह्यांना विचारतो, "हा छंद कधीपासून?" हे माझ्याकडे बोट दाखवतात. पुढचे दोन प्रश्नही ठरलेले. सगळी चालतात का, आणि आज विकली तर किती येतील. या तिन्हींतल्या एकाही प्रश्नात ज्यांना रस नव्हता असे एकच गृहस्थ मला भेटले. मला जुनी घड्याळं आवडतात एवढंच तोवर मला कळत होतं. त्यांची नोंद कशी ठेवायची हे अण्णांनी शिकवलं.

अण्णांचं दुकान रविवार पेठेत एका वाड्याच्या जिन्याखाली होतं. एक टेबल, एक काचेचं कपाट, डोळ्याला लावायचं भिंग, आणि गिऱ्हाईक उभंच. जुन्या बाजारातून घेतलेलं टोल्यांचं घड्याळ घेऊन मी गेले, तर त्यांनी पेटी उघडायच्या आधी लाल कापडी बांधणीची चोपडी उघडली.

"कुठून आलं?"

"जुन्या बाजारातून."

"ते तुम्ही कुठून आणलंत ते झालं, ताई. आलं कुठून?"

पुढच्या रविवारी मी त्या विक्रेत्याला गाठून विचारलं. वाईला एक वाडा पाडला, तिथलं सामान होतं. अण्णांनी तेवढंच लिहून घेतलं, पुढे कंसात 'विक्रेता सांगतो' असं घातलं, आणि मगच पेचकस हातात धरला. ऐकलेलं आणि पाहिलेलं एका ओळीत मिसळायचं नाही, हा त्यांचा पहिला नियम. चोपडी शाईनं लिहायची, खाडाखोड करायची नाही, चुकलं तर एक रेघ मारून शेजारी बरोबर लिहायचं. घड्याळ विकलं गेलं तरी त्याचा क्रमांक दुसऱ्याला द्यायचा नाही. चावीला त्याच क्रमांकाची चिठ्ठी सुती दोऱ्यानं बांधायची, कारण चाव्या एका डब्यात पडल्या की कुठली कुणाची ते ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही.

यंत्र बाहेर काढलं की अण्णा आधी मागची पितळी पट्टी खिडकीच्या उजेडात तिरकी धरत. घड्याळजी दुरुस्ती केल्यावर सुईनं तिथे बारीक खूण कोरतात, ती सरळ बघितली तर दिसत नाही. माझ्या एका घड्याळावर अशा चार हातांच्या खुणा निघाल्या. एकानं 'के. डी., ३-३४' असं सुबक कोरलं होतं, एकानं नुसतीच फुली. अण्णांनी चारही जशाच्या तशा उतरवल्या, फुलीसुद्धा. खाली स्वतःचा क्रमांक आणि महिना-वर्ष कोरलं.

साल ठरवायची त्यांची रीत सावकाशीची होती. 'मेड इन जर्मनी' ही अक्षरं म्हणजे घड्याळ १८८७ च्या ब्रिटिश कायद्यानंतरचं असणार. डी.आर.जी.एम. असा शिक्का असेल तर १८९१ च्या अलीकडचं. गुस्टाव बेकरच्या यंत्रावर तर क्रमांकच असतो. सायलीशियातल्या फ्रायबुर्गचा हा कारखाना (ते गाव आज पोलंडमध्ये आहे) १८७५ च्या सुमारास एक लाखावर आणि १८९२ च्या सुमारास दहा लाखांवर पोचला, त्यावरून अंदाज बांधता येतो. पण त्यांच्या ब्राउनाऊच्या शाखेची मोजणी वेगळी, म्हणून नुसत्या क्रमांकावर भिस्त ठेवायची नाही. चोपडीत साल कधीच एकटं येत नसे. 'अमुक सालानंतरचं' आणि पुढे कशावरून, ते.

सगळ्यात रुंद रकाना होता 'काय बदललं' याचा. संग्राहकांना नेमका हाच रकाना नको असतो. आपल्याकडच्या कितीतरी घड्याळांत यंत्र जर्मन आणि पेटी इथल्या सुतारानं सागवानात केलेली असते. कुठे काटे एकाचे, तबकडी दुसऱ्याची. बाजारात असं घड्याळ 'एकदम ओरिजिनल' म्हणून खपतं, आणि घेणाराही पुढे तेच सांगत सुटतो. अण्णा लिहीत: लंबक नंतरचा, काच नवी, स्प्रिंग मी बदलली, जुनी पुडीत. ती जुनी तुटकी स्प्रिंगही ते परत देत. मला वाटतं, एखाद्या संग्रहाचा खरेपणा या एका रकान्यावरून कळतो. तो रिकामा असेल तर मालक फार भाग्यवान तरी आहे, नाहीतर लबाड.

एकदा पेटीच्या आत डकवलेला कागद सापडला. मोडीमिश्रित बाळबोधीत 'मुंबई ३९ मि. मागे' एवढंच. १९०६ साली देशाची प्रमाणवेळ आली, तरी मुंबईनं आपली जुनी वेळ पुढे कित्येक वर्षं सोडली नव्हती, आणि दोन्हींत ३९ मिनिटांचा फरक. कुणाचं तरी मुंबईला येणं-जाणं असणार. पिवळा पडलेला कागद काढून पेटी पुसावी असं कुणालाही वाटलं असतं. अण्णांनी मला तो जागेवरच उतरवून घ्यायला लावला आणि फडक्याला हातही लावू दिला नाही.

घरी आणल्यावर चाल लिहायची हेही त्यांचंच. आठवड्यात किती मागे पडलं, लंबकाखालची चाकी किती फेरे वर घेतली. वर घेतली की घड्याळ पुढे जातं. आता नातवानं ही सगळी माहिती फोटोंसकट एक्सेलमध्ये भरून दिली आहे, शोधायला ते फार बरं पडतं. पण भरायला त्याच्यापुढे माहिती होती ती अण्णांच्या शिस्तीमुळे.

अण्णा गेल्यावर त्यांच्या मुलानं चोपड्या माझ्याकडे आणून दिल्या. दुकान बंद झालं होतं आणि त्याला घरात जागा नव्हती. तेव्हापासून अधूनमधून कुणीतरी घड्याळ घेऊन येतं. मागच्या पावसाळ्यात साताऱ्याच्या एक बाई आल्या. घड्याळ आजोबांचं, तीन वाजता सात ठोके देणारं. पट्टी उजेडात धरली, अण्णांचा क्रमांक निघाला. चोपडीत पान सापडलं: आजोबांचं नाव, साल १९७१, लंबकाची तार नवी, आणि शेवटी 'बाकी रु. १२'.

बाईंनी लगेच पर्स उघडली. व्याज किती धरायचं म्हणून विचारलं. मी बारा रुपयेच घेतले, ओळीपुढे माझ्या शाईनं 'मिळाले' लिहून तारीख घातली आणि पैसे अण्णांच्या मुलाला नेऊन दिले. त्याला ते का, हे समजावून सांगायला अर्धा तास लागला. बाईंच्या घड्याळाची नवी ओळ मात्र त्याच दिवशी सुरू केली: ठोके आणि काटे जुळत नाहीत, ठोक्यांच्या मोजणीचं चाक पाहणे, काच जुनीच.