गार पाणी आणि काळीज

१८ डिसेंबर, गोठणगाव
सकाळी इटियाडोहच्या पाळीवर गेलो. गाढवी नदी इथं अडवली त्याला पन्नास वर्षं उलटली. धुकं दाट, पण ढिवरांचे डोंगे केव्हाच आत गेलेले. काठालगत एक जण छातीभर पाण्यात बुडालेल्या खुंटाला अडकलेलं जाळं सोडवत होता. डुबकी मारायचा, वर येऊन चेहरा निपटायचा, पुन्हा खाली. ओठ निळे पडलेले.

त्याच्या थोरल्या भावाला पावसाळ्यात हार्ट अटॅक येऊन गेला. दुपारी तो भेटला. कागद पुढे करून म्हणाला, "गोळ्या चालू आहेत. आता पाण्यात उतरू का जी?"

१९ डिसेंबर
प्रश्न डोक्यातून जात नाही.

श्वास रोखून गार पाण्यात तोंड घातलं की चेहऱ्याच्या नसेकडून मेंदूला वर्दी जाते आणि व्हेगस नस हृदयाचा लगाम ओढते. ठोके मंदावतात, हातापायांच्या रक्तवाहिन्या आक्रसतात. ऑक्सिजन मेंदू आणि हृदयासाठी राखला जातो. पॉल बर्ट या फ्रेंच शास्त्रज्ञानं १८७० मध्ये बदकांत हे टिपलं. सील, माणूस, तान्हं बाळ, सगळ्यांत ते आहे. ठोके एकाएकी सुसाट सुटणाऱ्या एका विकारात डॉक्टर याचाच उपयोग करतात.

अटॅकनंतर मात्र बऱ्याच जणांत हा लगाम ढिला पडतो आणि ठोक्यांतला चढउतारही कमी होतो. १९८७ साली अमेरिकेत ८०८ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला: अटॅकनंतर ज्यांच्या ठोक्यांतला स्वाभाविक चढउतार फार कमी झाला होता, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण कितीतरी जास्त निघालं. संथ, एकसुरी नाडी पाहून निर्धास्त होऊ नये, हे मी तेव्हापासून मानतो. शिवाय बीटा ब्लॉकरची गोळी चालू असेल तर संथपणा गोळीचाही असतो.

२० डिसेंबर
डुबकीत आणखी एक कचाटा आहे. अंगाला गार पाणी लागताच धाप लागते, ठोके वाढतात. त्याच क्षणी चेहऱ्याकडून हुकूम येतो, मंद हो. टिप्टन आणि शॅटॉक यांनी २०१२ मध्ये मांडलं की या ओढाताणीत ठोक्यांची लय बिघडू शकते. निरोगी माणूस बहुधा निभावतो. जखमी हृदयाला ते जड जाऊ शकतं.

संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन सांगितलं, "भाऊ, डुबकी बंद. गोळ्या सोडायच्या नाहीत. आधी इको आणि चालण्याची चाचणी, मग डोंग्यात बसायचं पाहू." त्यानं मान हलवली. बायकोनं मात्र विचारलं, "मग जाळं कोण काढंल?" तिचा प्रश्न खरा आहे. धाकट्याशी बोललो, खोल पाण्यातलं काम तो बघणार आहे.

तलावांच्या या मुलखातल्या डॉक्टरांना विनंती आहे. अटॅकच्या रुग्णाला घरी सोडताना विडी-तंबाखूबरोबर एवढंही विचारा: पाण्यात उतरता का?