रेघेला आवाज नसतो

कागदावर खोडलेला शब्द डोळस माणसाला दोन गोष्टी सांगतो : पूर्वी काय होते, आणि ते आता नको आहे. आम्हांला शब्द ऐकू येतो. त्यावरील रेघेला आवाज नसतो.

बऱ्हाणपुरात राजघाटानजीक आमचे बिऱ्हाड. हिंदी कागदपत्रांचे मराठी अनुवाद तपासणे हा आमचा चरितार्थ. दृष्टी नसल्याने संगणकावरील मजकूर ‘एनव्हीडीए’ नावाची आज्ञावली आम्हांस वाचून दाखवते. ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या अंध तरुणाने २००६ साली ती रचावयास घेतली. ती विनामूल्य मिळते, हा आमच्यासारख्यांवर मोठाच उपकार.

संपादकाने ‘ट्रॅक चेंजेस’ चालू ठेवून फेरफार केले, की हे यंत्र खोडलेल्या व घातलेल्या मजकुराची तशी सूचना देते. ‘इन्सर्ट’ आणि ‘एफ-सात’ ही बटणे एकत्र दाबली, तर फेरफारांची व टिपांची यादीही मिळते. मात्र फेरफार सांगण्याची सोय बंद असली, तर ‘व्याज बारा दहा टक्के’ असे एका दमात कानी पडते. कर्जदाराने बारा द्यावे की दहा?

काही मंडळी नोंद न ठेवता शब्द नुसता तांबडा करतात. यंत्र रंगही सांगू शकते. पण तांबड्याच्या जागी आधी काय होते, ते रंग कसे सांगणार?

ज्यांचे काम आम्ही करतो त्यांपैकी एका कचेरीने मध्यंतरी मोठ्या आपुलकीने कळविले, “आपणांस त्रास नको, सारे फेरफार स्वीकारून स्वच्छ प्रतच पाठवीत जाऊ.” नेमका त्याच आठवड्यात एका भाडेकरारात ‘भाडेकरूच्या संमतीने’ हे शब्द जाऊन ‘संमतीवाचून’ आलेले आम्हांस आढळले. स्वच्छ प्रतीत ते वाक्य किती सुरळीत वाटले असते! तपासनीस म्हणून खाली नाव आमचे. आम्ही नम्रपणे नकार कळविला. थोडी नाराजी झाली. पण प्रती नोंदींसह येऊ लागल्या.

ऱ्हस्व-दीर्घ हा निराळाच जाच. ‘पाणि’ म्हणजे हात की ‘पाणी’ म्हणजे जल, हे भरधाव वाचनात उमगत नाही. अक्षर अक्षर ऐकावे लागते. त्यात उत्सवाच्या दिवसांत तापीकाठी ध्वनिक्षेपक लागले, की आमचे डोळेच मिटले म्हणावयाचे! अशा दिवशी आम्ही पहाटे चारला उठून कामास बसतो.