सव्वासहा की साडेसात?

धाटावच्या एमआयडीसीत डिजिटल प्रेशर गेज बसवायला बोलावणाऱ्या साहेब लोकांची एक अट जवळपास ठरलेली असते: ‘हूटर सारखासारखा वाजायला नको.’ मागे कुणीतरी अलार्म फार खाली ठेवलेला असतो, तो रात्रभर कोकलतो, आणि शेवटी कंटाळलेला एखादा माणूस हूटरची वायर काढून तिच्या टोकाला काळी टेप गुंडाळून ठेवतो. ही काळी टेप मला जागोजाग भेटते. मग साहेब स्वतःच तोडगा सुचवतात. सेफ्टी व्हॉल्व्ह आठ किलोला उडतो ना, मग हूटर साडेसातला ठेवा.

साडेसात हा आकडा मला मान्य नसतो, आणि का ते सांगायला वेळ लागतो.

मी पेणचा. आयटीआयला इन्स्ट्रुमेंट मेकॅनिकचा ट्रेड केला आणि तेव्हापासून पेण-रोहा पट्ट्यात हेच काम करतो. शक्यतो दिवा-रोहा गाडीने जातो. मुंबई-गोवा महामार्गाने मोटारसायकल घेतली, तर कॅलिब्रेशनची पेटी आणि कंबर यांपैकी एक तरी वाटेत हलते. रोह्याच्या मोठ्या कारखान्यांकडे इन्स्ट्रुमेंटची स्वतःची माणसं असतात. मला बोलावतात ते लहान प्लॉटवाले: दोन रिअ‍ॅक्टर, एक बॉयलर, एक चिलर, आणि पाळीला तीन-चार माणसं. तिथे दाब ‘किलो’तच बोलला जातो. किलोग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर एवढं लांबण कुणी लावत नाही.

असाच एक दोन मजली शेड धरा. रिअ‍ॅक्टरचा रोजचा दाब पाच किलो, कधी साडेपाचपर्यंत जातो. सेफ्टी व्हॉल्व्ह आठला. साहेबांना साडेसात हवेत. मी त्यांची परवानगी घेऊन पाळीवरच्या ऑपरेटरला बोलावतो. वयाने मोठे असले तर काका, नाहीतर दादा.

‘काका, हूटर वाजला की तुम्ही काय करता?’

‘काय करणार? आधी तो बंद करतो.’

हे उत्तर प्रामाणिक असतं. हसून झालं की खरी माहिती निघते. पॅनल खाली आहे आणि रिअ‍ॅक्टरचे व्हॉल्व्ह वर. रात्री एक माणूस दोन्ही रिअ‍ॅक्टर बघतो, त्यामुळे हूटर वाजताना तो पॅनलसमोर असेलच असं नाही. मास्क आणि गॉगल चढवायचा, जिना चढायचा, जॅकेटची वाफ बंद करायची, फीड बंद करायचं, मग थंड पाण्याचा व्हॉल्व्ह उघडायचा; तो जाम आहे, पाइप पाना लावल्याशिवाय फिरत नाही. एवढ्याला तीन मिनिटं सहज जातात. पाणी जॅकेटमध्ये शिरून दाबाची चढण थांबायला आणखी दोन. बॅचच्या जुन्या नोंदी काढल्या, तर कूलिंग गेलेल्या दिवशी दाब मिनिटाला 0.3 किलोने चढलेला दिसतो. पाच मिनिटांना दीड किलो. आठातून दीड गेले, उरले साडेसहा. गेजच्या चुकीसाठी आणि माणसाच्या गडबडीसाठी पाव किलो सोडला की सव्वासहा.

साडेसातला हूटर ठेवला तर काकांच्या हातात राहतात जेमतेम शंभर सेकंद. तेवढ्यात ते जिन्यावर असतील आणि सेफ्टी व्हॉल्व्ह त्यांच्या डोक्यावर उडालेला असेल. सेफ्टी व्हॉल्व्ह भांडं वाचवतो. भांड्यातला माल कुठे आणि कुणाच्या अंगावर जातो, हे तो बघत नाही.

म्हणून किलोचा आकडा मी मिनिटांत मोजतो. या रिअ‍ॅक्टरवर 0.3 किलो म्हणजे एक मिनिट. हा हिशोब एकदा डोक्यात बसला की गेज बसवण्यातल्या बारीकसारीक गोष्टींना आपोआप वजन येतं.

उदाहरणार्थ उंची. गेज डोळ्यांच्या पातळीवर हवा म्हणून टॅपिंगपासून तीन मीटर खाली लावला आणि मधली इंपल्स लाइन पाण्याने भरलेली असली, तर तो पाण्याचा स्तंभच 0.3 किलो जास्त दाखवतो. हूटर एक मिनिट लवकर वाजतो, चार वेळा खोटा ठरतो आणि काळी टेप पुन्हा येते. उलट गेज तीन मीटर वर नेला तर तो तेवढंच कमी दाखवतो आणि काकांचं एक मिनिट चोरतो. पाण्याच्या उंचीत किती जोर असतो हे कुंडलिकेकाठच्या माणसाला वेगळं सांगायला नको. मुळशीचं पाणी सह्याद्रीवरून सुमारे 500 मीटर खाली भिऱ्याच्या वीजघरात येतं, म्हणजे पाइपच्या तळाशी जवळपास पन्नास किलो. ते वीजघर 1927 पासून चालू आहे आणि तिथून सुटलेलं पाणीच पुढे कोलाड-रोह्याला वाहत येतं. आमचे तीन मीटर त्यापुढे काहीच नाहीत, पण एका मिनिटाला पुरतात. उंची टाळता येत नसेल तर गेजमध्ये तेवढा फरक भरून ठेवायचा आणि तसं गेजशेजारी पाटीवर लिहायचं. नाहीतर पुढचा माणूस त्याला बिघाड समजून ‘दुरुस्त’ करतो.

दुसरी गोष्ट एककाची. नवीन गेज खोक्यातून निघतो तो बहुधा बारमध्ये सेट असतो. कुणी न बघता 6.25 टाकले तर तो सव्वासहा बारला, म्हणजे 6.37 किलोला वाजेल. फरक दिसायला किरकोळ. जिन्यावरच्या माणसाची पंचवीस सेकंदं गेली.

बॉयलरच्या लाइनवर गेज लावायचा तर मध्ये सायफन हवाच, तो शेपटीसारखा वळवलेला पाइप. सात किलोच्या वाफेचं तापमान 170 अंशांच्या आसपास असतं आणि डिजिटल गेजच्या आतला सेन्सर साधारण ऐंशी-पंच्याऐंशीच्या पुढे टिकत नाही. सायफनमध्ये साचलेलं पाणी वाफेला सेन्सरपर्यंत पोचू देत नाही. फक्त पहिल्यांदा व्हॉल्व्ह उघडण्याआधी त्यात आपल्या हाताने पाणी भरावं लागतं. ही गोष्ट मॅन्युअलमध्ये असते, पण मॅन्युअल स्टोअरमध्ये असतं. आम्लाच्या किंवा घट्ट होणाऱ्या मालाच्या लाइनवर डायफ्रॅम सील लागतं, आणि पिस्टन पंपाच्या पुढे धक्के मारणारा आकडा शांत करायला स्नबर. गेज आवळताना पाना खालच्या षटकोनावर लावायचा. डोकं धरून पिळलेला गेज त्या दिवशी चालतो आणि पावसाळ्यात आत पाणी घेतो.

आमच्याकडचा पाऊस वर्षाला 3000 मिलिमीटरच्या घरात, वर खाडीची खारी हवा. पेटीवर आयपी 65 लिहिलंय म्हणून निर्धास्त राहणारे जुलैत फोन करतात. पाणी पेटीतून येत नाही, केबलवरून ओघळत येतं. ग्लँड खाली तोंड करून लावायचा आणि केबलला त्याच्या आधी एक झोल द्यायचा, म्हणजे थेंब तिथेच गळून पडतात.

कॅलिब्रेशन हा माझा आवडता भाग, आणि बघणाऱ्याला सर्वांत कंटाळवाणा. आधी गेज हवेला मोकळा करून शून्य बघायचं. लाइनमध्ये थोडा दाब असताना ‘झिरो’चं बटण दाबलं तर तो थोडा दाब कायमचा गिळला जातो. मग हँडपंप, एका बाजूला मास्टर गेज, दुसऱ्या बाजूला आपला. दहा किलोचा गेज असेल तर शून्य, अडीच, पाच, साडेसात, दहा असं चढत जायचं आणि त्याच आकड्यांनी उतरायचं. चढताना बरोबर आणि उतरताना चुकीचा दाखवणारे गेज असतात, म्हणून उतरणं टाळायचं नाही. मास्टर हा तपासायच्या गेजपेक्षा चौपट तरी अचूक हवा, आणि त्याच्या प्रमाणपत्राची साखळी प्रयोगशाळा-प्रयोगशाळा करत दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत पोचली पाहिजे. गेज पॅनलला सिग्नल देत असेल तर तोही मोजायचा: शून्याला 4 मिलिअँपिअर, दहा किलोला 20. सव्वासहाला बरोबर 14 यायला हवेत. सुरुवात शून्याऐवजी चारपासून ठेवली आहे, ती तुटलेली वायर ओळखता यावी म्हणून.

डेडवेट टेस्टरवर वजनं ठेवून दाब तयार करतात तेव्हा एक गंमत होते. वजनांवरचा आकडा बहुधा प्रमाण गुरुत्वाकर्षणासाठी, 9.80665 साठी, कोरलेला असतो. आपल्या अक्षांशावर गुरुत्वाकर्षण सुमारे 9.786 आहे. म्हणजे रोह्यात तीच वजनं 0.2 टक्के कमी दाब देतात. सव्वासहा किलोवर याची किंमत अडीच सेकंदं. काकांना त्याने फरक पडणार नाही हे मला कळतं. पण 0.25 टक्क्यांचा गेज पास की नापास ठरवायचा असेल तेव्हा ही दुरुस्ती सोडणाऱ्याचं प्रमाणपत्र मी हातात घेणार नाही.

अलार्मच्या सेटिंगमध्ये आकड्याइतकंच महत्त्व असतं परतीला. हे पेणमध्ये गणपतीच्या कारखान्यात चटकन दाखवता येतं. मूर्ती रंगवायच्या स्प्रे गनला हवा देणारा कॉम्प्रेसर आठ किलोला बंद होतो आणि सहाला परत सुरू होतो. बंद आठला आणि चालू पावणेआठला केला तर मोटर सारखी चालू-बंद होऊन प्रेशर स्विचचे पॉइंट जळतील, तेही ऐन श्रावणात. हूटरचं तसंच. सव्वासहाला वाजला तर सहाच्या खाली आल्यावरच सुटू द्यावा, आणि वाजण्याआधी दोन-तीन सेकंद थांबू द्यावा, म्हणजे पंपाच्या एखाद्या ठोक्याने तो ओरडत नाही. साहेबांची ‘सारखासारखा’ची तक्रार बहुतेक वेळा इथेच मिटते. तिच्यासाठी आकडा साडेसातवर न्यायची गरज नसते.

माझा मिनिटांचा हिशोब एका ठिकाणी अपुरा पडतो, तेही सांगायला हवं. उष्णता सोडणारी प्रक्रिया हाताबाहेर जायला लागली की दाब सरळ रेषेत चढत नाही; पहिल्या मिनिटाला 0.3, पुढच्याला 0.5, मग मोजायला कुणी थांबत नाही. भोपाळला 2 डिसेंबर 1984 च्या रात्री 610 क्रमांकाच्या टाकीचा दाब पाळी बदलण्याआधी 2 पीएसआय होता आणि अकराच्या सुमारास 10. पण 2 ते 25 ही तिथली नेहमीची मर्यादा, त्यामुळे 10 हा आकडा कुणाला खटकला नाही. शिवाय तिथली उपकरणं आधीपासूनच बेभरवशाची, कामगार त्यांच्याकडे बघून न बघितल्यासारखं करत. पाचपट झालेला दाब मर्यादेच्या आत होता. म्हणून जिथे प्रक्रिया तापट आहे तिथे किती दाब यासोबत किती वेगाने वाढतोय याचाही अलार्म हवा. बऱ्याच पॅनलमध्ये ही सोय असते आणि ती बंद असते.

रोहा तालुक्यात हे पटवायला भोपाळपर्यंत जावं लागत नाही. नागोठण्याच्या पेट्रोकेमिकल संकुलात नोव्हेंबर 1990 मध्ये वायुगळतीनंतर स्फोट होऊन तीसहून अधिक माणसं गेली. तो दिवस आठवणारी पिढी अजून पाळीवर येते.

वायरिंगबद्दल माझा हट्ट आहे. अलार्मचा रिले नेहमी ओढलेला असावा आणि दाब वाढला, वायर तुटली किंवा गेजची वीज गेली, की सुटावा. तिन्ही वेळा हूटर वाजला पाहिजे, आणि हूटरला स्वतःची बॅटरी पाहिजे. ‘लाइट गेली तरी बोंबलतो’ ही तक्रार मग येते. मी म्हणतो, लाइट जाते तेव्हाच कूलिंगचा पंपही बंद पडतो. त्याच वेळी तो गप्प बसला तर त्याचा उपयोग काय? जून 2020 मध्ये निसर्ग वादळ आलं तेव्हा रायगडात कित्येक गावांत आठवड्याहून जास्त वीज नव्हती. तेव्हापासून मी डिजिटल गेजशेजारी काट्याचा साधा गेजही ठेवायला लावतो. त्यातली वाकडी नळी फ्रान्सच्या बूर्दाँने 1849 मध्ये पेटंट केली. तिला ना बॅटरी लागते ना मेन्यू.

आता कारखानदारांना एक विनंती. महिन्याची तपासणी म्हणून पॅनलवरचं ‘टेस्ट’ बटण दाबून वहीत टिक मारू नका. त्या बटणाने फक्त हूटर वाजतो एवढंच कळतं. चोंदलेली इंपल्स लाइन, बंद राहिलेला आयसोलेशन व्हॉल्व्ह, बारमध्ये पडलेलं सेटिंग, यातलं काही कळत नाही. बॅच नसताना, परमिट काढून, टॅपिंगच्या बाजूने हँडपंपाने खरा दाब द्या आणि हूटर कितीला वाजतो ते लिहा. तपासणी रात्रपाळीच्या माणसासमोर करा, आणि हूटर वाजल्यापासून त्याने थंड पाण्याचा व्हॉल्व्ह उघडेपर्यंत घड्याळ लावा. तीन मिनिटांपेक्षा जास्त लागली तर आकडा खाली आणा. आणि तो जाम झालेला व्हॉल्व्ह बदला, गेजपेक्षा स्वस्त पडतो.