सिनेमाच्या जत्रेचा मुहूर्त

मैत्रिणींनो, दिवस पाहिल्याशिवाय आपण साधे पापडसुद्धा घालत नाही. कुरडया-सांडगे चैत्र-वैशाखाच्या उन्हात, लोणचे पावसाच्या आधी, डबे-भांडी दिवाळीच्या तोंडावर. वेळ चुकली की जिन्नस बिघडतो, हे आपल्याला कुणी शिकवावे लागत नाही. मग एखाद्या शहराने आपला चित्रपट महोत्सव वर्षाच्या कोणत्या दिवसांत भरवावा, हा प्रश्नसुद्धा आपल्या आवाक्यातलाच नाही का?

मोठमोठ्या शहरांनी या मुहूर्तापायी बरीच उलथापालथ केली आहे. फ्रान्समधल्या कानचा महोत्सव १९३९ च्या सप्टेंबरात सुरू व्हायचा होता. पण नेमके तेव्हाच दुसरे महायुद्ध पेटले आणि तो भरला थेट १९४६ मध्ये, तोही सप्टेंबरातच. आपल्या चेतन आनंद यांच्या ‘नीचा नगर’ला तिथे सर्वोच्च सन्मानाचा वाटा मिळाला, तो याच वर्षी. पण उन्हाळ्याच्या शेवटी व्हेनिसचाही महोत्सव असतो. एकाच आळीत एकाच दिवशी दोन हळदीकुंकवे ठेवली, तर बायकांनी जावे तरी कुठे? म्हणून १९५१ पासून कानने आपला मुक्काम वसंतात हलवला. बर्लिनची गोष्ट याहून गमतीची. १९५१ पासून तिथला महोत्सव ऐन उन्हाळ्यात, जून-जुलैत भरे. उघड्यावरच्या प्रचंड रंगमंचावर हजारो लोक एकदम सिनेमा पाहत. पण मे महिन्यात कानला चांगले चित्रपट दाखवून झालेले असत, आणि बर्लिनच्या पानात उरलेसुरले पडे. शेवटी १९७८ साली त्यांनी महोत्सव चक्क फेब्रुवारीच्या कडाक्याच्या थंडीत नेला. हवा वाईट, पण पान पहिले! तो आजही तिथेच आहे.

आता आपल्याकडे या. भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव १९५२ च्या जानेवारीत मुंबईत सुरू झाला. पुढे पुष्कळ वर्षे जानेवारी हाच त्याचा महिना, आणि दिल्लीबरोबर इतर शहरांतही त्याचे बिऱ्हाड फिरत असे. २००४ मध्ये तो पणजीला आला आणि तिथेच रुळला. महिनाही बदलला. पहिल्या वर्षी २९ नोव्हेंबरला सुरुवात झाली. त्याच हिवाळ्यात जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियरच्या अवशेषांचे दहा वर्षांनी होणारे दर्शन होते. त्यामुळे सिनेमाची जत्रा आणि देवाची जत्रा एकाच वेळी! पुढे तारखा अलीकडे सरकल्या आणि आता साधारण २० ते २८ नोव्हेंबर असे दिवस धरले जातात. कोरोनामुळे मात्र २०२० चा महोत्सव १६ ते २४ जानेवारी २०२१ ला ढकलावा लागला.

पणजी मुळातच पायी हिंडण्याजोगे गाव. कोल्हापुराहून सकाळची एस.टी. धरली की दुपार कलताना मांडवी दिसू लागते. स्टँडवर उतरले की पायलट, म्हणजे मोटारसायकलवाला, मागे बसवून नदीच्या काठाकाठाने नेतो. जुन्या वैद्यकीय महाविद्यालयाची पोर्तुगीज काळातली इमारत लागते. तिच्याच आवारात २००४ साली या महोत्सवासाठी चित्रपटगृहे बांधली. तिथून कांपालच्या झाडांखालून चालत गेले की चार्ल्स कोरियांनी उभारलेली कला अकादमी, आणि मागे नदी. दोन सिनेमांच्या मधल्या वेळात पाव-भाजी खायची, नाहीतर फेरीबोटीतून बेतीला जाऊन परत यायचे. दुपारी अंगाला चिकटणारा उकाडा असतो, पण संध्याकाळी नदीवरून असा वारा येतो की घरचा गॅस बंद केला का, हा विचारसुद्धा सुचत नाही.

माझ्या मावससासूबाई पणजीतच राहतात. तारखांचा विषय निघाला तेव्हा मी म्हटले, “जानेवारी किती छान! हवा थंड.” त्या म्हणाल्या, “अगं, संक्रांतीचे वाण कोण लुटणार? आणि तुझ्या शाळेचे स्नेहसंमेलन?” खरेच की! दिवाळीच्या सुट्टीत ठेवावा म्हणावे, तर घरात पाहुणे आणि मुले. मुलांना बरोबर न्यावे, तर आत सोडत नाहीत. तिथल्या चित्रपटांना सेन्सॉरचे प्रमाणपत्र लागत नाही, म्हणून प्रेक्षक अठरा वर्षांवरचा हवा. उलट वीस नोव्हेंबरला फराळाचे डबे रिकामे झालेले असतात, बहुधा तुळशीचे लग्न उरकलेले असते, शाळा सुरू होऊन परीक्षा लांब असतात. आजीजवळ मुलांना सोपवून चार दिवस निघता येते.

हे ऐकून शेजारच्या कातोलिक बाई हसल्या. म्हणाल्या, “वहिनी, तुमचा सिनेमा नऊ दिवस, आणि आमची नोवेनाही नऊ दिवस. मी सिनेमाला कधी जाऊ?” चोवीस नोव्हेंबरपासून जुन्या गोव्यात नोवेना सुरू होते, तीन डिसेंबरला फेस्त. पहाटे उठून प्रार्थनेला जायचे, घरी पाहुण्यांचे करायचे. म्हणजे जे दिवस मला मोकळे, तेच त्यांना भरगच्च. महोत्सव त्यांच्या दारात, आणि पाहायला आम्ही बाहेरच्या!

तारखा ठरवताना पाऊस पाहतात, नाताळची पर्यटकांची गर्दी पाहतात, बर्लिन-कानचे वेळापत्रक पाहतात. ते पाहायलाच हवे. पण घरातले पंचांग कुणी पाहते का? मला वाटते, महिना नोव्हेंबरच ठेवावा, मात्र आठवडाभर आधी सुरू करावा, म्हणजे नोवेनेच्या आत सगळे आटोपेल. ज्या वर्षी दिवाळी उशिरा येईल, त्या वर्षी आम्ही बाहेरच्यांनी थोडी ओढाताण सोसावी. यजमानीण बाईला आधी पान वाढायला नको का?

जायचे मनात असेल तर एवढे ध्यानात ठेवा. नाव आधी नोंदवावे लागते, ते आयत्या वेळेवर टाकू नका. राहायची सोय आधी करा. चित्रपटगृहात गारठा असतो, पातळ शाल जवळ असू द्या. दिवसाला तीनच सिनेमे पाहा, चौथ्याला डोळे मिटतात. आणि निघण्यापूर्वी घरच्यांना स्पष्ट सांगा, “कामाला नाही, सिनेमा पाहायला चालले आहे.” एकदा सांगून तर पाहा. दुसऱ्या वर्षी तेच विचारतील, “यंदा तारखा कधी आहेत?”