शंकरनगरहून महानदीकडे, गरीच्या वाटेने

मुंबई-हावडा लोहमार्गावर नागपूर मागे पडले की सुमारे ३०० किलोमीटरवर रायपूर येते. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगडचे वेगळे राज्य झाले, रायपूर राजधानी झाले आणि शहराचा तोंडवळाच पालटला. शंकरनगर ही तिथली एक ऐसपैस वस्ती. रुंद रस्ते, बंगले, दुकाने आणि हाकेच्या अंतरावर तेलीबांधा तलाव. संध्याकाळी या तलावाच्या काठाने फिरायला निम्मे शहर लोटते. त्या काठाला लोकांनी कौतुकाने ‘मरीन ड्राइव्ह’ असे नाव ठेवले आहे.

पर्यटकाला एवढे दाखवून वाटाडे मोकळे होतात. परंतु रायपूर मुळात तलावांचे शहर. छत्तीसगढी भाषेत तलावाला ‘तरिया’ म्हणतात आणि या तरियांच्या काठी बसून वेळ घालवण्याचा एक जुना छंद इथे अजून टिकून आहे. त्याचे नाव ‘गरी’. गरी म्हणजे माशाचा गळ. इथला माणूस गरी टाकत नाही, तो गरी ‘खेळतो’.

कोकणातून आलेल्या माणसाला हा शब्द ऐकून आश्चर्य वाटल्याशिवाय राहत नाही. मालवण-वेंगुर्ल्याकडेही गळाला गरीच म्हणतात आणि गळाने मासे पकडण्याला गरवणे. एक टोक समुद्रकाठी आणि दुसरे समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, भातशेतीच्या प्रदेशात. शब्द मात्र तोच! तसे पाहिले तर मराठी माणसाला रायपूर परके नाही. नागपूरकर भोसल्यांचा अंमल इथे होता. रघूजी भोसल्यांचे चिरंजीव बिंबाजी यांनी १७८७ पर्यंत रतनपुरातून छत्तीसगडचा कारभार पाहिला. १९०० मध्ये ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढणारे आणि दासबोधाचा हिंदी अनुवाद करणारे माधवराव सप्रे मराठी घरातलेच. शहरातल्या तात्यापारा या पेठेचे नाव ऐकले की मराठी कान आपोआप टवकारतात.

गळाचा छंद रिकामटेकड्यांचा, असा आपल्याकडे एक समज आहे. तो करून घेण्यापूर्वी कल्याणीच्या चालुक्य राजाचे स्मरण करायला हवे. तिसऱ्या सोमेश्वराने सन ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओव्या गातात, ही जुनी नोंद मराठी अभ्यासक ज्या ग्रंथातून देतात, तो हाच. यात ‘मत्स्यविनोद’ असे एक प्रकरण आहे. दोर कसा असावा, काठी कशी, कोणत्या माशाला कोणते आमिष, याचा त्यात बारकाईने विचार केला आहे. राजाने ज्यावर प्रकरण लिहिले ते काम अगदीच हलके नसावे.

काम अवघड आहे ते मासा ओढण्यात नव्हे, तर दोर जुळवण्यात. बघणाऱ्याचे लक्ष काठीकडे आणि गळाकडे असते. खरी करामत असते या दोहोंच्या मधल्या हात-दोन हात दोरात. बांबूच्या काठीच्या टोकाला नायलॉनचा दोर, म्हणजे आपला तंगूस. त्यावर पाण्यावर तरंगणारी काडी: मोराच्या गळून पडलेल्या पिसाचा दांडा, भेंडाचा तुकडा किंवा हल्ली दुकानातला रंगीत फ्लोट. काडीच्या खाली वजनाचे छोटे छोटे मणी आणि सर्वांत शेवटी, मुख्य दोरापेक्षा थोड्या बारीक दोराला बांधलेला गळ. हा शेवटचा दोर बारीक असण्यात शहाणपण आहे. गळ बुडातल्या मुळीत अडकला, तर ताण देताच तिथेच तुटतो. काडी आणि मणी वाचतात.

मणी किती लावायचे, याचे उत्तर काडीच देते. वजन कमी पडले तर काडी पाण्यावर आडवी लोळते, जास्त झाले तर बुडून दिसेनाशी होते. केवळ रंगवलेले टोक, बोटाचे अर्धे पेर म्हणू या, पाण्याबाहेर उभे राहील इतकेच वजन हवे. मग मासा आमिष नुसते चोखू लागला तरी टोक थरथरते. काडी फार वर राहिली तर ती बुडवायला माशाला जोर लागतो, तो जोर त्याला जाणवतो आणि तो आमिष थुंकून चालता होतो. मासा मूर्ख असतो हे ज्याने म्हटले, त्याने गरी कधी खेळली नसावी.

वजन कुठे लावायचे, हे मात्र माशावर अवलंबून. आपल्याकडच्या तलावांत कटला, रोहू आणि मृगळ हे तिघे एकत्र वाढवतात, कारण तिघांची जेवणाची पंगत वेगवेगळ्या मजल्यांवर बसते. कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या थरात, मृगळ बुडाशी. तेव्हा कटल्यासाठी सगळे मणी काडीच्या लगेच खाली ठेवतात. गळाकडचा दोर मोकळा राहतो आणि आमिष सावकाश, पान गळून पडावे तसे खाली येते. रोहूसाठी मणी सदऱ्याच्या गुंड्यांसारखे सारख्या अंतरावर लावतात. मृगळासाठी एक मणी गळापासून चार बोटांवर, थेट बुडाला टेकलेला. मृगळाने तोंड खाली घालून आमिष उचलले की तो मणीही उचलला जातो, काडीवरचा भार हलका होतो आणि काडी बुडण्याऐवजी वर उठून आडवी होते. नवखा माणूस काडी बुडण्याची वाट पाहत बसतो आणि मासा जेवून जातो!

ही झाली साचलेल्या पाण्याची गोष्ट. शंकरनगरहून शहर ओलांडून पलीकडच्या टोकाला गेले की खारून नदीवरचा महादेवघाट लागतो. हाटकेश्वर महादेवाचे देऊळ, कार्तिक पौर्णिमेची जत्रा, नदीवरचा झुलता पूल, असा सारा रम्य परिसर. खारून पुढे शिवनाथला मिळते आणि शिवनाथ महानदीला. रायपूरच्या नळांना पाणी पुरवणारी नदीही हीच. भाटागावच्या बंधाऱ्याशी ते उचलले जाते आणि उन्हाळ्यात नदीला गंगरेल धरणाच्या कालव्याचा आधार द्यावा लागतो. बंधाऱ्यांमुळे खारूनचे पाणी वर्षातले बरेच महिने थांबलेले असते. इथे नदीच्या काठी बसूनही तलावाचाच दोर जुळवावा लागतो. शहराला पाणी हवे, हे खरेच. पण वाहत्या पाण्यात गरी खेळण्याची कला ज्यांच्या हातात होती, त्या केंवट आणि ढीमर मंडळींच्या नातवांना ती शिकायला आता वाहते पाणी शोधत जावे लागते.

ते मिळते महानदीवर. रायपूर-महासमुंद रस्त्याने आरंग सोडले की महानदीचा लांबलचक पूल येतो. नदी इथे रुंद, वाळूची. पावसाळा सरल्यावर, सप्टेंबरअखेरपासून, गढूळ पाणी निवळू लागते. मध्यभागी धार जोरात असते, काठाशी पाणी जवळजवळ उभे. दोहोंच्या सांध्यावर फेसाची एक रेघ दिसते. मासा बहुधा त्या रेघेच्या मंद बाजूला असतो: श्रम कमी आणि धार खाणे आणून देते.

वाहत्या पाण्याची एक खोड आहे. वरचे पाणी पळते आणि बुडाचे रेंगाळते, कारण तळाची वाळू आणि दगड त्याला धरून ठेवतात. काडी वरच्या पाण्याबरोबर पळू लागली की खालचे आमिष तिच्या मागे फरपटत जाते. कोणतेही किडूक-मिडूक नदीत असे पळत नाही, हे माशाला ठाऊक असते. म्हणून काठीने दोर किंचित आवरून धरावा लागतो. काडी धारेपेक्षा थोडी हळू चालते आणि आमिष तिच्या पुढे, बुडाच्या पाण्याच्या चालीने जाते. धार जोराची असेल तर मण्यांचा मुख्य पुंजका गळापासून दोन विती वर एकत्र ठेवून एकच लहान मणी खाली सोडतात. नाहीतर धार आमिष वर उचलते. धार मंद झाली की मणी पसरायचे. आधी खोली मोजून घ्यायची. त्यासाठी गळाला एखादे जड वजन अडकवून सोडतात. काडी बुडाली तर पाणी दोरापेक्षा खोल, आडवी पडली तर उथळ.

गंमत म्हणजे हाच हिशेब सातासमुद्रापलीकडे, अमेरिका-कॅनडातल्या थंड नद्यांवर, अक्षरशः मण्यागणिक मांडला जातो. तिथे ‘स्टीलहेड’ नावाचा मासा असतो. आपल्या निलगिरीत आणि हिमाचलात आणून सोडलेल्या इंद्रधनुषी ट्राउटचाच हा भाऊबंद. फरक एवढाच की तो समुद्रात जाऊन मोठा होतो आणि अंडी घालायला आपल्या नदीत परततो. गार पाण्यात तो बुडाशी पडून राहतो, आमिषामागे धावायचा त्याला कंटाळा. ते त्याच्या नाकापाशी, त्याच्याच पाण्याच्या वेगाने आले पाहिजे. म्हणून तिथले लोक मोठे मणी काडीकडे आणि क्रमाने लहान होत जाणारे गळाकडे लावतात. त्यांच्या चरख्यांची आणि काठ्यांची किंमत ऐकून रायपूरकराचे डोळे पांढरे होतील. पण दोर जुळवण्याचे तत्त्व बांबूच्या काठीलाही तेच.

आता त्या मण्यांविषयी, जे प्रत्येक घराने ध्यानात ठेवावे. हे मणी बहुधा शिशाचे असतात. शिसे जड, मऊ आणि स्वस्त; चिरलेला मणी दोरावर ठेवायचा आणि दाबला की बसला. दाबायला जवळ पक्कड नसते, म्हणून माणसे तो दाताखाली धरतात आणि बापाचे पाहून पोरेही तसेच करतात. शिसे हे विष आहे. ते शरीरात साठत जाते आणि लहान मुलांच्या मेंदूची वाढ खुंटवते. याची ‘चालेल इतकी’ मात्रा कोणतीही नाही. पाण्यात पडलेले मणी पक्षी वाळूचे खडे समजून गिळतात. इंग्लंडमध्ये राजहंस या कारणाने मोठ्या संख्येने मेले, तेव्हा १९८७ मध्ये तिथे लहान शिशाच्या मण्यांवर बंदी आली. आपल्याकडे दुकानात ते सर्रास मिळतात. त्याऐवजी लोखंडी नट, कथलाचे मणी किंवा भाजक्या मातीचे मणी वापरावेत. मातीचे मणी जाळ्याला लावण्याची रीत तर सिंधू संस्कृतीइतकी जुनी आहे. माती शिशाहून बरीच हलकी, म्हणून मणी मोठा घ्यावा लागतो आणि जोरदार धारेत तो थोडा त्रास देतो. तरी मुलाबाळांसह जाणाऱ्याने हा त्रास पत्करावा. शिशाचे मणी घरात असतीलच तर ते पक्कडीने दाबावेत, हात साबणाने धुवावेत आणि त्याच हाताने डबा उघडू नये.

जाण्यापूर्वी काही गोष्टी पाहून घ्याव्यात. छत्तीसगडमध्ये १६ जून ते १५ ऑगस्ट हा माशांच्या विणीचा काळ म्हणून नद्यांत मासेमारीला बंदी असते. तलावांतली मासळी बहुधा पट्ट्याने दिलेली असते, तेव्हा काठावर विचारल्याखेरीज काठी उघडू नये. घाटावर आणि देवळासमोर गरी टाकू नये, हे सांगायला नकोच. महानदीवर वरच्या अंगाला गंगरेल धरण आहे. तिथून पाणी सोडले की कोरडी वाळू बघता बघता पाण्याखाली जाते. मुलांना मधल्या वाळूच्या बेटावर नेऊ नये आणि पाणी सोडण्याची सूचना आहे का, याची गावात चौकशी करावी. गळाला लागलेला वीतभर मासा ओल्या हाताने सोडून द्यावा. तुटलेला तंगूस गोळा करून परत आणावा. गाईगुरांच्या आणि बगळ्यांच्या पायात तो सुरीसारखा रुततो.

शंकरनगरहून पहाटे निघाले तर तासाभरात आरंग गाठता येते. उन्हे चढली की मासे खोल जातात आणि काडी नुसती डुलत राहते. अशा वेळी सामान आवरून आरंग गावातले भांड देऊळ पाहावे. हे जुने जैन मंदिर कोरीव कामासाठी प्रसिद्ध आहे. हाताशी आणखी वेळ असेल तर दुसऱ्या दिवशी राजिम. रायपूरपासून सुमारे ४५ किलोमीटरवर पैरी आणि सोंढूर या नद्या इथे महानदीला मिळतात. राजीवलोचनाचे देऊळ काठावर आणि कुलेश्वर महादेवाचे भर पात्रात. हिवाळ्यात पात्र बहुतेक वाळूचेच असते, पाण्याच्या दोन-तीन रेघा तेवढ्या उरतात, आणि त्या रेघांच्या काठी कुणीतरी आखूड काठी घेऊन बसलेले असते.