मोआबच्या वाटेवरील डोंगरी सायकली

जुन्या कराराशी परिचय असणाऱ्या कुटुंबांना मवाब देशाचे नाव नवे नाही. मृत समुद्राच्या पूर्वेस पसरलेल्या त्या मुलखातून रूथ आपल्या सासूची पाठराखण करीत बेथलेहेमास आली, आणि तेथल्याच नबो पर्वतावरून मोशेने वचनदत्त भूमी दुरून डोळे भरून पाहिली. अमेरिकेतील यूटा राज्यात याच नावाचे एक लहानसे गाव आहे. तिकडे त्याचा उच्चार मोआब असा करतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे वस्ती करणाऱ्या लोकांना सभोवारचा उजाड, तांबडा प्रदेश पाहून बहुधा बायबलमधील त्या देशाचीच आठवण झाली असावी.

२०२० सालच्या जनगणनेत या गावची लोकसंख्या ५,००० हून थोडीशी अधिक भरली. म्हणजे आपल्याकडील एखाद्या मोठ्या खेड्याएवढीच. गावाजवळून कोलोरॅडो नदी वाहते. उत्तरेस वाऱ्यापावसाने कोरलेल्या दगडी कमानींचे आर्चेस हे राष्ट्रीय उद्यान आहे. आग्नेयेस ला साल नावाची पर्वतरांग उभी आहे. गावाची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ४,००० फूट, तर त्या पर्वतांची शिखरे १२,००० फुटांच्याही वर गेलेली. खाली वैशाखवणवा पेटावा आणि वर बर्फ चमकावा, असे दृश्य तेथे उन्हाळ्याच्या आरंभी सहज दिसते.

या गावाच्या हमरस्त्यावर सकाळी उभे राहिले तर एक गोष्ट ताबडतोब नजरेत भरते. पिकअप गाड्यांची रांगच्या रांग चाललेली असते आणि बहुतेक गाड्यांच्या पाठीवर सायकली असतात. पिकअप म्हणजे पुढे माणसांची बंदिस्त खोली आणि मागे उघडा हौदा. भाजीचे करंडे, दुधाच्या किटल्या आणि सिमेंटची पोती वाहणारी तशी गाडी आता आपल्याही खेडोपाडी आली आहे. मोआबमध्ये मात्र तिच्या हौद्यात जाड टायरांच्या, दणकट बांध्याच्या डोंगरी सायकली उभ्या असतात.

वाहनाला वाहन कशासाठी?

जी वस्तू स्वतःच माणसाला वाहून नेते, तिला वाहण्यासाठी दुसरी गाडी का लागावी, असा प्रश्न कोणाही व्यवहारी माणसाला पडेल. त्याचे उत्तर डोंगरी सायकलीच्या जन्मकथेत आहे.

सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस मरीन जिल्ह्यात फेअरफॅक्स नावाचे गाव आहे. तेथील काही तरुणांनी १९३० व १९४० च्या दशकांतील जुन्या, बोजड सायकली शोधून काढल्या आणि ते त्यांवर बसून डोंगरावरून खाली धाव घेऊ लागले. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांनी एका कच्च्या वाटेवर पहिली शर्यत लावली. ती वाट दोन मैलांच्या आतच सुमारे १,३०० फूट खाली उतरते. त्या सायकलींचा ब्रेक मागच्या चाकाच्या तुंब्यात असे. उतरताना तो इतका तापे की आतील ग्रीस जळून त्याचा धूर होई, आणि पुन्हा उतरण्यापूर्वी तुंबा उघडून नवे ग्रीस भरावे लागे. म्हणून त्या वाटेचे नावच ‘रीपॅक’, म्हणजे ‘पुन्हा भरा’, असे पडले. अशी जड सायकल दामटीत चढावर नेणे कठीण. तेव्हा ती ढकलत तरी न्यावी, नाहीतर कोणाच्या तरी पिकअपच्या हौद्यात टाकावी. पुढे १९७७ साली जो ब्रीझ या कारागिराने केवळ डोंगरासाठी नवी फ्रेम घडविली. हलक्या धातूंचे भाग आले, गिअर आले, धक्के शोषणारे फोर्क आले. पण सायकल आणि पिकअप यांची ती जुनी सोबत सुटली नाही.

मोआबच्या भूगोलाने तर ती सोबत अधिकच घट्ट केली. ला साल पर्वतातील बरो खिंड ११,००० फुटांच्या वर आहे. तेथून निघालेली वाट जंगल, कुरणे आणि खडकाळ कडे ओलांडीत पंचवीस मैलांहून अधिक अंतर कापून थेट कोलोरॅडो नदीच्या काठी उतरते. प्रारंभ पर्वतमाथ्यावर आणि शेवट नदीकिनारी. मग स्वार वर जाणार कसा? सकाळी पिकअपने सायकलीसह वर जावे आणि संध्याकाळी सायकलीने गावात परतावे, हाच सुलभ मार्ग. हाच तेथील अनेकांचा व्यवसायही होऊन बसला आहे.

हौद्यातील सायकल

आता ही सायकल गाडीवर ठेवायची कशी, ते पाहू. काम किरकोळ दिसते, पण त्यात निष्काळजीपणा झाला तर मागून येणाऱ्या एखाद्या निरपराध कुटुंबाच्या जिवावर बेतू शकते. भरधाव रस्त्यावर पडलेली सायकल म्हणजे समोर अचानक उभा राहिलेला लोखंडी अडसरच.

सर्वांत सोपा प्रकार म्हणजे सायकल हौद्यात आडवी टाकणे. याला खर्च नाही. पण हीच रीत सर्वांत वाईट. गिअर बदलणारी नाजूक यंत्रणा मागच्या चाकाच्या उजव्या बाजूस असते. सायकल त्या अंगावर निजविली की वाकलीच म्हणून समजावे. नाइलाजाने आडवी ठेवायचीच झाली तर चेनची बाजू वर करावी, खाली जुनी गोधडी अंथरावी आणि एकीवर दुसरी रचू नये.

दुसरा प्रकार सायकल उभी ठेवण्याचा. येथे हिशेब आड येतो. आजची डोंगरी सायकल सहा फुटांहून थोडी अधिक लांब असते, आणि पुष्कळ पिकअपांचा हौदा साडेपाच फुटांचा. म्हणून ती तिरकी उभी करावी लागते, किंवा पुढचे चाक काढावे लागते. हौदा साडेसहा वा आठ फुटांचा असेल तर ही अडचण नाही. दोन सायकली शेजारी ठेवताना एकीचे तोंड पुढे तर दुसरीचे मागे करावे, म्हणजे रुंद हँडले एकमेकांत अडकत नाहीत. दोन्ही बाजूंच्या कड्यांना पट्टे बांधावेत. एकाच बाजूने ताणलेली सायकल पहिल्याच वळणावर दुसऱ्या बाजूस झुकते.

तिसरा प्रकार घरगुती कारागिराचा. हौद्याच्या रुंदीएवढी जाड फळी घ्यायची, तिच्यावर सायकलचा फोर्क पकडणारे लोखंडी खोबण स्क्रूने बसवायचे, पुढचे चाक काढून फोर्क त्यात अडकवायचा. सुताराला अर्ध्या दिवसाचे काम. पण सायकल भिंतीत खुंटी ठोकावी तशी ठाम उभी राहते. यात दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. जुन्या सायकलींच्या पुढच्या चाकाचा आस बारीक असे, नव्यांचा जाड असतो. तेव्हा खोबण त्या मापाचे हवे. आणि तेलाच्या दाबावर चालणारा डिस्क ब्रेक असेल तर चाक काढल्यावर ब्रेकच्या दोन पट्ट्यांमध्ये एक लहानशी चीप सारून ठेवावी. प्रवासात चुकून ब्रेकची मूठ दाबली गेली तर पट्ट्या एकमेकींना चिकटतात आणि मग चाक परत बसत नाही.

फाळक्यावरील गादी

मोआबच्या रस्त्यांवर फार दिसणारा प्रकार चौथा. गाडीच्या मागच्या फाळक्यावर जाड, मऊ गादी पांघरतात. सायकलीचे पुढचे चाक फाळक्याबाहेर लोंबते, उरलेला भाग हौद्यात राहतो, आणि फ्रेमचा खालचा दांडा गादीवर टेकून पट्ट्याने आवळला जातो. मोठ्या गाडीच्या फाळक्यावर अशा पाचसहा सायकली रांगेने बसतात. चाके काढायची नाहीत, हत्यार लागत नाही. म्हणून प्रवासी वाहणाऱ्या धंदेवाल्यांना ही रीत सोयीची वाटते.

पण मऊ गादीही घातक ठरू शकते. वाटेवरील तांबडी धूळ गादी आणि दांडा यांच्यामध्ये शिरली की ती काचकागदाचे काम करते. तासाभराच्या खडबडीत प्रवासात रंग उडतो, आणि कार्बनची फ्रेम असेल तर तिलाही झीज लागते. म्हणून जाणता मनुष्य सायकल चढविण्यापूर्वी दांडा आणि गादी दोन्ही ओल्या फडक्याने पुसतो.

पाचवा प्रकार गाडीच्या मागील ओढणीला जोडलेल्या लोखंडी मांडणीचा. यात हौदा सामानासाठी मोकळा राहतो. काही मांडण्यांवर सायकल दांड्याने टांगली जाते, तर काहींवर दोन्ही चाके पन्हळीत उभी राहतात. दुसरी रीत बरी, कारण फ्रेमला कशाचाही स्पर्श होत नाही. विजेवर चालणारी डोंगरी सायकल २० किलोच्या पुढे जाते. अशी सायकल ठेवण्यापूर्वी मांडणी किती भार सोसेल हे तिच्यावर छापलेले वाचून घ्यावे. गाडीची धुराची नळी टायराच्या अगदी जवळ येत असेल तर उष्णतेने रबर वितळते, हेही पाहावे. गाडीचे मागील दिवे आणि नंबरपाटी झाकली जाता कामा नये.

रीत कोणतीही असो, तीन नियम सर्वांना लागू आहेत. लोखंडाला लोखंड भिडू देऊ नये. प्रत्येक सायकल निदान दोन ठिकाणी बांधावी. आणि निघाल्यावर दहाएक मैलांनी गाडी थांबवून प्रत्येक पट्टा हाताने ताणून पाहावा, कारण धक्क्यांनी ओझे बसते आणि घट्ट वाटलेला पट्टा सैल होतो. बैलगाडीत गवताचे भारे बांधणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला हे कोणी शिकवावे लागत नाही.

ओझ्यांनी घडविलेले गाव

मोआबचा इतिहासही ओझी वाहण्याचाच आहे. १९५२ साली चार्ली स्टीन नावाच्या भूगर्भशास्त्रज्ञाला या परिसरात युरेनियमचा मोठा साठा सापडला आणि निवांत गाव रातोरात गजबजले. खनिजाच्या शोधासाठी सरकारने दुर्गम कड्यांवर रस्ते खोदले. पुढे मागणी ओसरली. १९८४ साली युरेनियमची गिरणी बंद पडली, आणि कामकरी माणसे गाव सोडू लागली. नदीकाठी उरला तो सुमारे दीड कोटी टनांहून अधिक किरणोत्सर्गी गाळ. तो रेल्वेने सुमारे ३० मैल दूर नेण्याचे काम २००९ साली सुरू झाले.

त्या पडत्या काळातच, १९८३ साली, गावातील दोन भावांनी सायकलींचे दुकान उघडले. स्लिकरॉक नावाची सुमारे १० मैलांची खडकावरील फेरी मोटारसायकलवाल्यांसाठी १९६९ सालीच आखलेली होती. स्लिकरॉक म्हणजे निसरडा खडक. घोड्यांच्या लोखंडी नालांना तो निसरडा वाटला म्हणून हे नाव पडले. पण सायकलीचे रबरी टायर त्याच खडकाला घट्ट धरून राहतात. जेथे घोडा घसरला तेथे सायकल चढली, आणि खाणीने टाकून दिलेल्या गावाला नवी भाकरी मिळाली.

गावाच्या पश्चिमेस कॅनियनलँड्स राष्ट्रीय उद्यानात व्हाइट रिम नावाचा सुमारे १०० मैलांचा कच्चा रस्ता आहे. तोही १९५० च्या दशकात युरेनियमसाठीच बांधलेला. खनिज तेथे फारसे मिळाले नाही. रस्ता मात्र राहिला. आता सायकलस्वार परवाना काढून तो सामान्यतः तीनचार दिवसांत पुरा करतात. वाटेत पिण्याच्या पाण्याचा एक थेंबही मिळत नाही. या वाळवंटात दर माणशी रोज निदान एक गॅलन पाणी धरावे लागते. दहा माणसांचे चार दिवस म्हणजे ४० गॅलन, सुमारे दीडशे लिटर. एवढे पाणी, अन्न, तंबू आणि मोडलेली एखादी सायकल कोण वाहणार? मागून सावकाश येणारी पिकअपच.

आणि त्या पिकअपला हाकणारा कोणीतरी लागतोच. पुढे मंडळी कड्याच्या काठाने वाऱ्यावर स्वार होऊन जात असतात. हा मात्र पहिल्या गिअरमध्ये, दगड चुकवीत, धूळ खात येतो. रस्त्याकडेच्या मातीवर एक काळपट, जिवंत साय असते. तिच्यावर चाक गेले तर ती भरून यायला कित्येक वर्षे लागतात, म्हणून तो रस्ता सोडून एक हातही बाहेर जात नाही. संध्याकाळी तोच आधी मुक्कामाला पोहोचून पाणी उतरवितो. पुष्कळ मंडळींत हे काम पाळीपाळीने वाटून घेतात: आज ज्याने सायकल चालविली तो उद्या गाडी हाकतो. जी टोळी अशी पाळी ठरविल्यावाचून निघते, तिच्यात दुसऱ्याच दिवशी कुरबुर सुरू होते, असे अनुभवी लोक सांगतात.

ज्या कुटुंबातील तरुण आता डोंगरी सायकली घेऊन घाटवाटांकडे वळू लागले असतील, त्यांनी मोआबकडून पट्टे बांधण्याची रीत अवश्य शिकावी. परंतु निघण्याच्या आदल्या रात्री, सायकली चढविण्याआधीच, उद्या गाडी कोण हाकणार हे ठरवून घ्यावे. ते एकदा नीट ठरले की बाकीच्या गाठी आपोआप घट्ट बसतात.