तरंगंबाडीच्या किनाऱ्यावर

तंजावरचा राजवाडा पाहून आम्ही तरंगंबाडीस गेलो. डेन्मार्कच्या लोकांचा १६२० सालचा किल्ला तेथे अगदी समुद्राला लागून उभा आहे. जवळच १७१८ चे ल्यूथरपंथी चर्च. १७०६ मध्ये येथे उतरलेल्या झीगेनबाल्ग या मिशनऱ्याने पुढच्याच वर्षी मुलींची शाळा काढली. पुण्यात फुले दांपत्याची शाळा निघण्यास तेव्हा १४१ वर्षे अवकाश होता!

धर्मसेवेसाठी स्त्रियांना शिकविण्याचे कारण साधे होते. पुरुष उपदेशकाची पावले ओटीवर थबकत, माजघरात बाईच जाऊ शके. म्हणून एकोणिसाव्या शतकात ‘बायबलबाई’ तयार झाली. तिला वाचन, गीते, पाठांतर शिकवीत. घरोघरी कथा सांगावी, आजाऱ्यांचे पाहावे, हे तिचे काम. व्यासपीठ मात्र पुरुषांकडेच राहिले, हे आम्हांस खटकले.

त्याआधीची क्लॅरिंडा तर आपल्यापैकीच. तंजावरची मराठी ब्राह्मण विधवा. सरफोजीराजांचे गुरू श्वार्ट्झ यांनी १७७८ मध्ये तिला बाप्तिस्मा दिला. दूर दक्षिणेस पाळयंकोट्टै येथे तिने चर्च बांधविले, ते १७८५ मध्ये पुरे झाले. असल्या कामाचे शिक्षण तिला कोणत्या शाळेने दिले होते?

परतताना चर्चमध्ये दोघीतिघी बायका सतरंज्या झटकीत होत्या.